सकारलेल्या कागदाचे बळ : विनिमयपत्राचा कायदा आणि व्यवहार

महाराष्ट्रातला बराचसा घाऊक व्यापार उधारीवर चालतो. इचलकरंजीचे कापड, जालन्याची सळई, सांगलीची हळद, चाकणच्या कारखान्यांना जाणारे सुटे भाग यांची गोष्ट एकच असते. माल आज जातो, पैसे साठ-नव्वद दिवसांनी येतात, आणि कधी कधी येतच नाहीत. पैसे अडकले की विक्रेत्याच्या हाती काय असते? इन्व्हॉइसची प्रत, मालपोच पावती, ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असा मेसेज आणि फार तर पुढच्या तारखेचा एखादा चेक. इन्व्हॉइस विक्रेत्यानेच लिहिलेले असते. पावतीवर गोदामातल्या कोणाची तरी सही असते. चेक कशापोटी दिला, यावर पुढे वाद घालता येतो. ‘माल मिळाला, रक्कम मान्य आहे, अमुक तारखेला मी ती देईन’ एवढे साधे वाक्य खरेदीदाराने कुठेच लिहून दिलेले नसते.

हे वाक्य लिहून घेण्याचे साधन व्यापाराकडे कित्येक शतकांपासून आहे. आपल्याकडे ती हुंडी होती, युरोपात बिल ऑफ एक्स्चेंज. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे वकील ज्याला ‘एन. आय. ॲक्ट’ म्हणतात त्या कायद्यात, त्याला विनिमयपत्राचे स्थान मिळाले. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी त्याच्या जमाखर्चाच्या नोंदी आजही शिकतात. मात्र शिकून व्यापारात उतरलेल्यांपैकी फार थोडे ते वापरतात. हे साधन कायद्याने नेमके कसे घडवले आहे, ते कुठे बळकट आहे, कुठे ठिसूळ आहे, आणि आज त्याचा उपयोग काय, याचा हा आढावा आहे.

तीन माणसे, एक आज्ञा

कायद्याच्या कलम ५ मधली व्याख्या छोटी आहे, पण तिच्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. विनिमयपत्र म्हणजे लिहिणाऱ्याच्या सहीचा असा लेखी कागद, की ज्यात एका निश्चित व्यक्तीला निश्चित रक्कम एखाद्या निश्चित व्यक्तीला, तिच्या आदेशानुसार दुसऱ्याला, किंवा कागद बाळगणाऱ्याला देण्याची बिनशर्त आज्ञा असते. आज्ञा देणारा तो आदेशक, ज्याला ती दिली तो आदेशिती, आणि ज्याला पैसे मिळायचे तो आदाता. विक्रेता स्वतःच आदेशक आणि आदाताही असू शकतो. व्यापारी बिलांमध्ये बहुतेकदा तसेच असते.

वचनचिठ्ठीत देणेकरी स्वतः ‘मी देईन’ असे लिहितो, म्हणून तिथे दोनच पक्ष असतात. चेक हेही कायद्याच्या दृष्टीने विनिमयपत्रच आहे. फक्त तो बँकेवर काढलेला असतो आणि मागताक्षणी देय असतो. विनिमयपत्राचा आदेशिती कोणीही असू शकतो आणि त्याला पुढची मुदत देता येते.

‘बिनशर्त’ या शब्दावर अनेक कागद अडखळतात. ‘माल पसंत पडल्यास एक लाख रुपये द्यावेत’ असे लिहिलेला कागद विनिमयपत्र ठरत नाही. जुन्या समुद्री व्यापारातली जोखमी हुंडी माल सुखरूप पोचला तरच देय होत असे. तिच्यात उधारीबरोबर विम्याचाही अंश होता. व्यापाराच्या दृष्टीने ती योजना हुशारीची होती, तरी या व्याख्येच्या चौकटीत ती बसत नाही. कारण सरळ आहे. कागद हातोहात फिरायचा असेल तर तो घेणाऱ्याला मागच्या सौद्याची चौकशी करावी लागू नये.

एक मर्यादा रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ३१ ने घातली आहे. मागताक्षणी कोणाही धारकाला देय असे विनिमयपत्र किंवा हुंडी रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार वगळता कोणालाही काढता येत नाही. तशी मुभा असती तर प्रत्येक पेढीने आपापल्या नोटाच छापल्या असत्या.

सही पडेपर्यंत आणि पडल्यावर

नरसी मेहत्याने द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना सावळशा शेठच्या नावाने हुंडी लिहून दिली, ही कथा महीपतींच्या ‘भक्तविजया’मुळे मराठी घरांतही पोचली आहे. भक्तीचा भाग बाजूला ठेवून व्यवहार पाहिला तर विनिमयपत्राचा गाभा तिच्यात सापडतो. नरसी आदेशक, सावळशा आदेशिती, आणि ज्यांनी रोख पैसे आधीच मोजले ते यात्रेकरू आदाते. नरसीने नाव लिहिले म्हणून सावळशावर कसलेही बंधन येत नव्हते. शेठ सापडला नसता तर यात्रेकरूंचा हक्क नरसीवर उरला असता. शेठने हुंडी सकारली तेव्हा ती पुरी झाली.

कायदाही हेच सांगतो. आदेशितीने कागदावर सही करून तो स्वीकारला की तो ‘स्वीकर्ता’ होतो आणि देण्याची पहिली जबाबदारी त्याच्यावर येते. तोवर मुख्य देणेकरी आदेशकच असतो. स्वीकृतीनंतर आदेशकाचे स्थान जामीनदारासारखे होते. स्वीकृती कागदावरच हवी. तोंडी होकार, फोन किंवा स्वतंत्र पत्र चालत नाही. आदेशितीने विचार करायला वेळ मागितला तर सुट्ट्या वगळून अठ्ठेचाळीस तासांची मुभा कलम ६३ देते. त्याने अट घालून सही केली, उदाहरणार्थ कमी रकमेसाठी किंवा लांबच्या तारखेसाठी, तर धारक ती नाकारू शकतो. मान्य केली तर ज्या आधीच्या पक्षांची संमती घेतली नाही ते जबाबदारीतून सुटतात.

सही कोण करतो आणि कशी करतो, याला फार महत्त्व आहे. कंपनीच्या संचालकाने किंवा भागीदारी पेढीच्या मुनिमाने ‘अमुक कंपनीच्या वतीने’ असे न लिहिता नुसती सही ठोकली, तर देणे त्याच्या अंगावर वैयक्तिक येऊ शकते. दुसरा धोका कोऱ्या कागदाचा. मुद्रांकित कागदावर कोरी सही दिली तर त्या मुद्रांकाला पुरेल इतक्या रकमेपर्यंत तो भरण्याचा अधिकार समोरच्याला दिला, असे कलम २० मानते. ‘सही करून ठेव, रक्कम नंतर भरू’ या सवयीने अनेकांना कोर्टाची पायरी दाखवली आहे.

हुंडीची व्यवस्था

सराफांनी हे सारे आपल्या पद्धतीने फार पूर्वी बसवले होते. अठराव्या शतकात पुण्याच्या पेठांतले सावकार आणि सुरत, उज्जैन, बनारस इथल्या पेढ्या हुंड्यांनी जोडलेल्या होत्या. माळव्याचा वसूल पुण्यात आणायला आणि उत्तरेतल्या फौजांचा खर्च तिकडे पोचवायला नाण्यांच्या थैल्या वाटेवर घालण्यापेक्षा हुंडी सुरक्षित होती. तिच्यावर हुंडणावळ पडे. ती अंतर, वाटेचा धोका आणि त्या त्या पेठेतली पैशाची चणचण यांप्रमाणे कमी-जास्त होई.

दाखवताच देय ती दर्शनी हुंडी, मुदतीनंतर देय ती मुदती. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्याला मिळत. शहाजोग हुंडीची रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली होती. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’मार्फतच दिले जात, म्हणून हुंडी चोरीची निघाली तरी पैसे नेणारा शोधता येई आणि त्याला ते परत करावे लागत. मूळ हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ लिहून देत. एखाद्या गावच्या पेढीने हुंडी नाकारली तर धारकाला अडचण नको म्हणून जिकरी चिठ्ठी जोडलेली असे. ती त्याच गावच्या दुसऱ्या स्नेही पेढीला हुंडी सकारण्याची विनंती असे. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोखा म्हणत आणि तो पुरावा म्हणून जपून ठेवत. वसाहतकाळात आणि स्वातंत्र्यानंतरही मुंबईच्या बाजारात शिकारपुरी मुलतानी सराफ हुंडीवर छोट्या व्यापाऱ्यांना भांडवल पुरवत होते.

१८८१ चा कायदा इंग्लंडच्या १८८२ च्या बिल्स ऑफ एक्स्चेंज ॲक्टच्या एक वर्ष आधीचा. तो इंग्रजी व्यापारी कायद्याच्या धर्तीवर रचला गेला, पण कलम १ मध्ये देशी भाषांतल्या कागदांविषयीच्या स्थानिक प्रथा त्याने अबाधित ठेवल्या. कागदाच्या मजकुरात ‘हा व्यवहार या कायद्याने चालेल’ असा हेतू दाखवला तर मात्र प्रथा बाजूला पडते. आज हुंडी हा शब्द बेकायदा हवाल्याच्या बातम्यांत ऐकू येतो. त्यामुळे जुन्या संस्थेवर अन्याय होतो. व्यापारी हुंडी पूर्ण कायदेशीर आहे. परकी चलनाचे नियम चुकवून पैसे पाठवणे हा वेगळा गुन्हा आहे.

तारीख कशी पडते

समजा, इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाने मुंबईच्या व्यापाऱ्याला दहा लाखांचे कापड विकले आणि १ जुलैला नव्वद दिवसांच्या मुदतीचे बिल काढले. व्यापाऱ्याने ते सकारले. दिवस मोजताना लिहिल्याचा दिवस धरत नाहीत, म्हणून नव्वदावा दिवस २९ सप्टेंबरला येतो. कलम २२ प्रमाणे मुदती बिलाला तीन सवलतीचे दिवस मिळतात, म्हणजे देय तारीख २ ऑक्टोबर. ती गांधीजयंतीची सार्वजनिक सुट्टी. अशा वेळी देय दिवस पुढे जात नाही, तो आधीच्या कामाच्या दिवसावर येतो. म्हणून बिल १ ऑक्टोबरला दाखवायला हवे. तेच बिल ‘तीन महिन्यांचे’ असते तर १ ऑक्टोबर अधिक तीन दिवस, म्हणजे ४ ऑक्टोबर ही तारीख आली असती. ‘नव्वद दिवस’ आणि ‘तीन महिने’ यांत व्यापाऱ्याच्या बोलण्यात फरक नसतो, कायद्यात असतो. तारीख चुकली तर पैशांसाठीचे सादरीकरण चुकते, आणि स्वीकर्ता सोडून इतर पक्ष जबाबदारीतून सुटू शकतात.

या नव्वद दिवसांत विक्रेत्यापुढे तीन वाटा असतात. तो बिल तिजोरीत ठेवून मुदतीची वाट पाहू शकतो. ते पाठीमागे सही करून सूत पुरवणाऱ्याला आपल्या देण्यापोटी देऊ शकतो. किंवा बँकेत वटवू शकतो. बँक वार्षिक बारा टक्के दर लावत असेल तर त्या मुदतीचे सुमारे तीस हजार रुपये कापून बाकी रक्कम ती लगेच खात्यात जमा करील. बाजारातल्या उधारीचे असे रोखीत रूपांतर झाले की यंत्रमाग थांबत नाहीत, कामगारांचे पगार होतात. विनिमयपत्राचे आर्थिक मोल इथे आहे.

हात बदलताना वाढणारे बळ

साधे येणे दुसऱ्याला हस्तांतरित केले तर घेणाऱ्याला मूळ धनकोच्या जागीच उभे राहावे लागते. मूळ सौद्यातली प्रत्येक तक्रार त्याच्यावरही उलटते. विनिमयपत्राचे तसे नाही. ज्याने मोबदला देऊन, मुदत संपण्याआधी, आणि देणाऱ्याच्या हक्कात खोट असल्याचा संशय यावा असे काही नसताना कागद घेतला, तो ‘यथाविधी धारक’ होतो. त्याचा हक्क आधीच्यांच्या हक्कांतल्या दोषांपासून मोकळा असतो.

वरच्या उदाहरणात कापडाचे काही गठ्ठे खराब निघाले असे धरू. दावा यंत्रमागधारकाने लावला तर मोबदल्याचा काही भाग फसल्याचा मुद्दा व्यापारी मांडू शकतो. बिल मात्र सूतवाल्याने भल्या विश्वासाने घेतले असेल, तर खराब गठ्ठ्यांची सबब त्याच्यापुढे चालत नाही. व्यापाऱ्याने आधी त्याला पूर्ण रक्कम द्यायची आणि गठ्ठ्यांचा हिशेब यंत्रमागधारकाशी वेगळा करायचा.

या संरक्षणाला सीमा आहेत. खोटी सही कोणालाच हक्क देत नाही. रक्कम किंवा तारीख अशा महत्त्वाच्या जागी संमतीशिवाय बदल केला तर संमती न देणाऱ्यांविरुद्ध कागद रद्द होतो. पाठीवर सही करणाऱ्याने ‘माझ्यावर जबाबदारी नाही’ असे स्पष्ट लिहिले असेल तर त्याच्याकडे मागे फिरता येत नाही. तसे लिहिले नसेल तर पाठीवर सही करणारा प्रत्येक जण नंतरच्या धारकाला जबाबदार असतो. म्हणून जितक्या चांगल्या सह्या, तितका कागद भारी.

पैसे आले नाहीत तर

स्वीकृती नाकारणे हा पहिला अनादर आणि मुदतीला पैसे न देणे हा दुसरा. दोन्ही वेळा धारकाने ज्यांना ज्यांना जबाबदार धरायचे आहे, त्यांना अनादराची सूचना द्यावी लागते. आदेशिती आणि स्वीकर्ता यांना ती लागत नाही, कारण नकार त्यांचाच असतो. कलम १०६ मधला वेळ फार थोडा आहे. पक्ष वेगवेगळ्या गावी असतील तर सूचना पुढच्या टपालाने किंवा अनादराच्या दुसऱ्या दिवशी निघाली पाहिजे. एकाच गावात असतील तर ती दुसऱ्या दिवशी पोचेल अशा बेताने निघाली पाहिजे. ‘आठ दिवस वाट बघू’ म्हणणारा धारक मागच्या सह्यांवरचा हक्क गमावून बसतो.

नोटरीकडे जाऊन अनादराची नोंद करून घेता येते आणि त्याचे प्रमाणपत्रही घेता येते. देशांतर्गत बिलांसाठी ते सक्तीचे नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. परदेशी बिल जिथे लिहिले गेले तिथल्या कायद्याने असे प्रमाणपत्र आवश्यक असेल तर इथेही ते घ्यावेच लागते. मुदतीआधीच स्वीकर्ता दिवाळखोर झाला किंवा त्याची पत उघडपणे ढासळली, तर नोटरीमार्फत अधिक तारण मागण्याची तरतूदही कायद्यात आहे.

व्यापाऱ्यांचा एक समज इथे दूर करायला हवा. चेक न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारे कलम १३८ फक्त चेकला लागू आहे. विनिमयपत्र न वटणे हा त्या कलमाखालचा गुन्हा नाही. पहिल्यापासून फसवण्याचाच हेतू होता हे सिद्ध करता आले तर फसवणुकीची फिर्याद वेगळी. एरवी वाट दिवाणी कोर्टाचीच.

कोर्टाची जवळची वाट

ही वाट साध्या दाव्यापेक्षा बरीच जवळची आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशात विनिमयपत्र, हुंडी आणि वचनचिठ्ठी यांच्यासाठी संक्षिप्त दाव्याची सोय आहे. वकील तिला समरी सूट म्हणतात. प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. त्यानंतर बचाव करण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. बचावाची परवानगी कोर्टाकडे मागावी लागते. बचावात खरेच दम असेल तर परवानगी बिनशर्त मिळते. बचाव संशयास्पद वाटला तर रक्कम कोर्टात भरण्यासारख्या अटी घालता येतात. पोकळ असेल तर निकाल सरळ वादीच्या बाजूने जातो. आय. डी. बी. आय. ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कसोट्यांची पुन्हा नीट मांडणी केली.

शिवाय कलम ११८ प्रमाणे कागद मोबदल्यापोटीच झाला, त्यावरच्या तारखेलाच झाला, आणि धारक यथाविधी धारक आहे, असे कोर्ट आरंभी गृहीत धरते. ते खोडून काढण्याचा भार समोरच्यावर येतो. व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर कलम ८० वार्षिक अठरा टक्के देते. मुदत ठरलेल्या बिलावरचा दावा देय तारखेपासून तीन वर्षांत लावायचा असतो. तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यापारी वाद असेल तर २०१५ चा व्यापारी न्यायालय कायदा लागतो, आणि तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीतून जावे लागते. ही पायरी बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगितले आहे.

इतकी भक्कम वाट एका चुकीने बंद होते, ती म्हणजे मुद्रांक. मागताक्षणी देय बिलाला मुद्रांक शुल्क नाही, पण मुदती बिलाला ते लागते. इतर बहुतेक दस्तांचे शुल्क महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाने ठरते. विनिमयपत्राचे दर मात्र राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत, ९१ व्या नोंदीखाली येतात, कारण हा कागद राज्याच्या हद्दी ओलांडून फिरतो. भाडेकरारावर मुद्रांक कमी पडला तर दंड भरून तो पुराव्यात आणता येतो. विनिमयपत्र आणि वचनचिठ्ठीला १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्याचे कलम ३५ ही सवलत देत नाही. मुद्रांक नसेल तर तो कागद पुराव्यातून कायमचा बाद होतो. काही रुपये वाचवायला जाऊन लाखोंचा पुरावा गमावण्याची ही जागा प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी.

समुद्रापलीकडे

आयात-निर्यातीत विनिमयपत्र आजही रोजच्या वापरात आहे. न्हावाशेवा बंदरातून माल पाठवणारा निर्यातदार जहाजाची मालपावती, विमा आणि इन्व्हॉइस यांच्याबरोबर बिल जोडून आपल्या बँकेकडे देतो. ‘डी. पी.’ अटीत परदेशी खरेदीदाराने पैसे भरल्याशिवाय कागद मिळत नाहीत. ‘डी. ए.’ अटीत बिल सकारले की कागद मिळतात आणि पैसे मुदतीला येतात. दुसरी पद्धत निर्यातदाराची जोखीम वाढवते, पण त्याच्या हाती निदान सकारलेला कागद राहतो. एल. सी., म्हणजे बँकेचे पतपत्र, असेल तर बिल खरेदीदाराऐवजी बँकेवर काढता येते आणि बँकेची स्वीकृती मिळते. वसुली आणि एल. सी. यांचे जगभरचे नियम आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने अनुक्रमे यू. आर. सी. ५२२ आणि यू. सी. पी. ६०० या संहितांत बांधले आहेत.

परदेशी बिले टपालात हरवू नयेत म्हणून दोन किंवा तीन प्रतींच्या संचात काढण्याची रीत आहे. एका प्रतीचे पैसे मिळाले की बाकीच्या निकामी होतात. पेठ-परपेठेमागची गरजही हीच होती. देश बदलला की कायदाही बदलतो. कलम १३४ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर, आदेशकाची जबाबदारी बिल जिथे काढले तिथल्या कायद्याने आणि स्वीकर्त्याची जबाबदारी पैसे जिथे द्यायचे तिथल्या कायद्याने ठरते.

देशी बाजारातून ते का गेले

रिझर्व्ह बँकेने १९५२ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये बिलांचा बाजार उभारण्याची योजना आणली. १९७९ मध्ये चोरे समितीने कॅश क्रेडिटवरचा भर कमी करून बिलांमार्फत वित्तपुरवठा वाढवायला सांगितले. १९८७ मध्ये वाघुळ गटाने नाणेबाजाराचा विचार करताना याच विषयाला हात घातला. तरी बाजार रुजला नाही. कॅश क्रेडिट खात्यात हवे तेव्हा पैसे उचलता-भरता येतात, त्यापुढे प्रत्येक सौद्याचा स्वतंत्र कागद जिकिरीचा वाटला. मुद्रांक-कागदाचा त्रास होताच. मोठ्या खरेदीदारांचा आणि सरकारी खात्यांचा तारखेला बांधून घेण्याला विरोध होता. उधारी लांबवण्याची मोकळीक स्वीकृतीने संपते, आणि ज्याचे बाजारात वजन अधिक, त्याला ती मोकळीक सोडायची नसते. खरे कारण मला हेच वाटते.

बिलांनी आपले नावही काही अंशी स्वतःच खराब केले. माल न देता-घेता, एकमेकांची सोय म्हणून दोन व्यापाऱ्यांनी परस्परांवर बिले काढायची, ती बँकांत वटवायची, आणि मुदत आली की नवी बिले काढून जुनी भागवायची. अशी सोयीची बिले कोणा एकाची पत कोसळताच साखळीतल्या सगळ्यांना बुडवतात. म्हणून बँका मागे खरा मालव्यवहार आहे का हे तपासतात.

मग जागा घेतली पुढच्या तारखेच्या चेकने. १९८९ मध्ये कलम १३८ लागू झाल्यावर त्याला तुरुंगाची धास्ती जोडली गेली. पण ती धास्ती कोर्टांना पेलवली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हा त्याच्यापुढच्या अहवालानुसार २०१९ अखेर देशातल्या २.३१ कोटी प्रलंबित फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख खटले एकट्या कलम १३८ चे होते. पुढच्या तारखेचा चेक त्या तारखेआधी बँकेत भरता येत नाही, आणि खरेदीदार त्याआधी बँकेला तो थांबवायला सांगू शकतो. मालाविषयीची तक्रारही तो चेक परत आल्यावरच काढतो. बिल सकारताना त्याला माल पाहून, हिशेब जुळवून सही करावी लागते. भांडण असेल तर ते नव्वद दिवस आधी बाहेर येते. धास्तीपेक्षा ही स्पष्टता मोलाची आहे.

स्वीकृती परत येते आहे

गेल्या दहा वर्षांत हेच तत्त्व नव्या रूपात पुढे आले आहे. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१७ पासून तिचे मंच सुरू झाले. लघुउद्योजक आपले इन्व्हॉइस मंचावर चढवतो, मोठा खरेदीदार ते तिथेच मान्य करतो, बँका आणि वित्तसंस्था ते वटवण्यासाठी बोली लावतात. विक्रेत्याला पैसे लवकर मिळतात आणि खरेदीदाराने बुडवले तरी वित्तसंस्थेला विक्रेत्याकडे मागे फिरता येत नाही. याचा कायदेशीर पाया येण्यांच्या हस्तांतरणाचा आणि २०११ च्या फॅक्टरिंग कायद्याचा आहे, विनिमयपत्राचा नाही. पण बळ येते ते खरेदीदाराच्या मान्यतेतूनच. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची झाली आहे. लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत देण्याची २००६ च्या कायद्यातली तरतूद आणि उशीर झाल्यास आयकरात त्या रकमेची वजावट लांबवणारा नियम यांनीही खरेदीदारावर दाब आणला आहे.

कागदही मागे पडतो आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने चेक वगळता असे संलेख इलेक्ट्रॉनिक रूपाबाहेर ठेवले होते. सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने ती मनाई काहीशी उठवली, आणि रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांखालच्या संस्थांच्या नावे काढलेली किंवा त्यांनी पृष्ठांकित केलेली विनिमयपत्रे इलेक्ट्रॉनिक असू शकतील असे ठरले. ब्रिटनने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून इलेक्ट्रॉनिक व्यापारी दस्तांना कागदाइतकाच दर्जा दिला. आपल्याकडे दोन साध्या व्यापाऱ्यांमधल्या बिलाला ती मुभा अजून नाही. ती मिळायला हवी, आणि मुद्रांकातली चूक दंड भरून सुधारण्याची संधीही मिळायला हवी. पुराव्यातून कायमचे बाद होण्याची शिक्षा पावती-तिकिटांच्या काळातली आहे. तिचा फटका बसतो तो वकील न परवडणाऱ्या लहान व्यापाऱ्याला.

कायदा बदलेपर्यंतही हाती बरेच काही आहे. नवा ग्राहक, मोठी रक्कम किंवा लांबची मुदत असेल तेव्हा माल सोडण्याआधी बिल लिहावे. योग्य मुद्रांक लावावा, ‘दिवस’ की ‘महिने’ हे स्पष्ट लिहावे. खरेदीदार कंपनी असेल तर तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला, हे पाहून स्वीकृती घ्यावी. देय तारीख सुट्टीसकट मोजून लिहून ठेवावी. पैसे आले नाहीत तर दुसऱ्याच दिवशी सर्वांना सूचना पाठवावी. ट्रेड्सवर येणाऱ्या खरेदीदाराला तिथेच मान्यता द्यायला सांगावे. माल घेऊनही स्वीकृती द्यायला जो तयार नाही, त्याची उधारी किती वाढू द्यायची हे विक्रेत्याला त्याच दिवशी ठरवता येते. दोन वर्षांनी कोर्टाच्या बाकावर बसून ते ठरवण्यात काहीच उरत नाही.